नाकावरची कोरी पट्टी

"थांबा जी, सुकू द्या."

दिवसातून पन्नास वेळा तो हे म्हणायचा. गठाणीवर मार्का मारला की ब्रश डब्यात उभा ठेवायचा, दोन पावलं मागे सरायचा, एक डोळा मिटून पाहायचा आणि दोन्ही हात आडवे करून उभा राहायचा. हमाल आले तरी हात खाली नाही. शेठजी आले तरी नाही. एकदा शेठजींचा पांढरा सदरा ओल्या शाईला घासला. सगळ्यांना वाटलं, गेली याची नोकरी. हा सदऱ्याकडे पाहीना, गठाणीकडे पाहत राहिला. म्हणे, "आठाचं पोट फाकलं जी. सांगतलं होतं, सुकू द्या."

हिंगणघाटवरून हैदराबादच्या रोडनं तुम्ही गेले असाल, तर ट्रकवर रचलेल्या रुईच्या, म्हणजे सरकी काढलेल्या कापसाच्या, गठाणी पाहिल्या असतील. त्यांच्या अंगावर पूर्वी काळ्या शाईनं लिहिलेलं असे. कोणाची गठाण, कितवी, वजन काय. ते लिहिणारा माणूस कोणी पाहत नाही. मी पाहिला. आमच्या जिनिंगमध्ये मी मुकादम होतो आणि तो मार्का मारायला होता. सोळा हंगाम.

नाव होतं त्याला, पण सगळे पेंटर म्हणत. मीही इथं नाव लिहीत नाही. हजारो गठाणींवर दुसऱ्याचं नाव लिहून गेला, स्वतःचं एकीवरही लिहिलं नाही. तेव्हा मी लिहिणारा कोण?

मी चौथी नापास. इंग्रजी अक्षर मला समजत नाही, पण वाकडं असलं तर वीस हातांवरून सांगतो. पेंटरला हे माहीत होतं. नवा पत्रा कापला की आधी माझ्याकडे आणायचा. तेलाच्या डब्याचा पत्रा सपाट करून त्यात छिन्नीनं अक्षर कापायचा. मग पत्रा गठाणीवर ठेवून वरून ब्रश फिरवला की कापलेल्या जागेतून शाई उतरते. सोपं वाटतं. पण शून्य कापून पाहा. गोल कापला की मधलं पोट गळून खाली पडतं आणि शून्याचा होतो काळा बट्टा. म्हणून मधे बारीक पट्टी न कापता ठेवावी लागते. तिला तो पूल म्हणायचा.

सुरुवातीला मला हे ठाऊक नव्हतं. मी म्हटलं, "काऊन बे, तुह्या शून्याले चीर गेली."

"चीर नोहे काका, पूल होय. पूल नाई ठेवला त पोट गळते."

तेव्हापासून मी ध्यानात ठेवलं. एक गोष्ट शिकलो की मी ती सोडत नाही. तेच पुढे नडलं.

त्याची माय आमच्याकडेच कामाला होती. पेंटरच्या आधीपासून. रेचा म्हणजे कापसातून सरकी वेगळी करणारं यंत्र, त्यावर कापूस टाकायच्या बाया असतात. आत रुई अशी उडते की समोरचा माणूस धुक्यात उभा वाटतो. म्हणून बाया नाकातोंडाला फडकं बांधतात. डोळे तेवढे उघडे. सकाळी बांधूनच यायच्या, बांधूनच जायच्या. दुपारी टाक्यावर तोंड धुऊन शेडमागे जेवायच्या, तिकडे आम्ही पुरुष जात नसू. तर मी तिला वीस वर्षं पाहिलं ते असं. दोन डोळे आणि हिरवं फडकं.

पण त्या फडक्यातून तोंड लई चालायचं. मी एकदा बायांवर ओरडत होतो, कोणत्या कारणानं ते विसरलो. ती म्हणाली, "मुकादम, तुमी बी फडकं बांधत जा जी. आमाले रुईचा तरास नाई तेवढा तुमचा हाय." सगळा रेचा हसला. मी पण हसलो, पण तोंड फिरवून.

एका होळीच्या सुमारास, हंगाम संपायला आला तेव्हा, ती माझ्याकडे आली. म्हणाली, "मुकादम, मले बाहेर गंजीवर काम द्या. आत दम लागून राह्यला." गंजी म्हणजे अंगणातला कापसाचा ढीग, तिथं मोकळी हवा. मी म्हटलं, "आता कायले? पुढच्या हंगामात पाहू." बाहेरच्या कामावर तेव्हा जागा होती. मला माणसं हलवायची सवय नव्हती. एकदा बसवलं की बसवलं, असा माझा खाक्या होता.

पुढचा हंगाम तिला दिसला नाही. पावसाळ्यात गेली. छाती भरली होती म्हणे. दवाखान्यात आठ दिवस होती.

मी तेरवीला गेलतो. पाटावर फोटो ठेवला होता. आधार कार्डावरचा फोटो म्हणजे नुसता काळा डाग, तोच शहरातल्या स्टुडिओवाल्यानं मोठा केला, गळ्याखाली निळी साडी चिकटवली, मागे धबधबा टाकला. पेंटर त्या फोटोकडे पाहून माझ्या कानाशी म्हणाला, "काका, हे कोणाची माय होय?" दुसरा फोटो नव्हता. पुतण्याच्या लग्नाच्या अल्बममध्ये एक होता, त्यात तिच्या तोंडावर बँडवाल्याचा भोंगा आलेला.

लोक म्हणाले, रड बाबा, मोकळा हो. तो म्हणाला, "सुकू द्या जी." लोकांना काही समजलं नाही.

दसऱ्यानंतर जिनिंग सुरू झालं. चार-आठ दिवसांनी पाहतो, तर दुपारच्या सुट्टीत पेंटर जेवायचं सोडून गठाणी दाबायच्या प्रेसमागे बसलेला. पुढे पत्रा, हातात छिन्नी. मी गेलो. गठाणीचं फाटकं कापड भिंतीला ठोकलेलं आणि त्यावर काळं काहीतरी.

"काय होय बे हे?"

"माय."

मी पाहिलं. डोळ्यांच्या जागी दोन काळे खड्डे. "डोळे कुठं गेले?"

"गळले," तो म्हणाला. "पूल ठेवाचा राह्यला." खाली मातीत पत्र्याचे दोन बारीक गोल पडले होते. ते त्यानं वेचून खिशात टाकले.

तेव्हापासून त्यानं सुरूच केलं. रोज दुपारी. एक पत्रा जमला नाही की दुसरा. चेहरा कापणं म्हणजे आठ कापणं नव्हे. भुवईला पूल, डोळ्याला पूल, ओठाला पूल. एवढे पूल ठेवले की चेहऱ्याची जाळी होते आणि नाही ठेवले की भोक. पत्र्यानं बोटं चिरायची, चिंधी बांधून पुन्हा बसायचा. मी एकदा विचारलं, ब्रशनं सरळ कापडावर काढत काऊन नाही? म्हणाला, "हातानं काढलं त रोज येगळी निंगते जी. पत्रा कापला की एकच राह्यते. पुन्हा बदलत नाई." मग थोड्या वेळानं म्हणाला, "आता आठवते तशी कापून घेतो. पुढच्या साली आठवन का नाई, काय सांगता येते?"

एवढीच त्याची घाई होती.

संक्रांतीपर्यंत चेहरा दिसायला लागला. डोळे टिकले. मग बाया जमायला लागल्या. प्रत्येक बाई आपलं एक सांगायची.

"कपाळ मोठं केलं रे."

"कान असे नोते तिचे. डाव्या कानाची पाळी फाटेल होती."

तो सगळं ऐकायचा. पाळी फाटलेली कापली, कपाळ लहान केलं. पण एक गोष्ट तो ऐकेना. त्याच्या प्रत्येक पत्र्यात नाकाच्या मधोमध, या कानापासून त्या कानापर्यंत, बोटभर रुंद कोरी पट्टी राहायची. पट्टीच्या वरचं तोंड बारीक रेघांचं, खालचं भरीव काळं. मधे ती पट्टी. चेहऱ्याचे दोन तुकडे करून जोडल्यासारखं दिसायचं.

गिरजाबाई म्हणून एक बाई होती, तिच्या बाजूच्याच रेच्यावर काम करायची. ती म्हणाली, "अन् हे नाकावर काय ठेवलं? दाढी करून राह्यली का तुही माय?" बाया हसल्या. पेंटरही हसला. दुसऱ्या दिवशी नवा पत्रा आणला. पट्टी तशीच.

मला राहवेना. मी जाणता माणूस होतो ना! मी म्हटलं, "पेंटर, हा पूल लई मोठा झाला. एवढ्या पुलाची गरज नाई. दोन बाजूले बारीक ठेव, नाक सलग येते."

"हो जी," तो म्हणाला.

"हो जी त मग काऊन करत नाई?"

"पाहू जी."

असं महिनाभर चाललं. तो पत्रा आणायचा आणि मी नाही म्हणायचो. बाकी लोक त्याचं मन राखायला कधी "जमली हो" म्हणून जायचे. मी एकदाही म्हटलं नाही. मी सांगायचो, "हे थे बाई नोहे." कदाचित म्हणूनच तो पुन्हा पुन्हा माझ्याकडे यायचा. मला या गोष्टीचा अभिमान वाटायचा, तेही कबूल करतो.

एक दिवस गिरजाबाई म्हणाली, "अरे बाप्पा, तिले फडकं बांध ना. रेच्यावर आमी तशीच त पाह्यली."

पेंटरनं छिन्नी खाली ठेवली. मी त्याचा आवाज कधी चढलेला ऐकला नव्हता, तेव्हाही फार चढला नाही. "बारा महिने फडकं बांधून होती थे," तो म्हणाला. "दवाखान्यात नेलं त तिथं बी डाक्टरनं तोंडावर लावलं काहीतरी. जाताना बी बांधेलच. आता पत्र्यात बी बांधू का?"

बाया डबे उचलून रेच्याकडे गेल्या. दुसऱ्या दिवशी तो कामावर आला नाही. तिसऱ्या दिवशीही नाही.

आणि मी काय केलं ऐका. मी मुकादम. गठाणी पडून होत्या, मार्का मारायला माणूस नव्हता, त्याचा राग होता. शिवाय मला वाटलं, गिरजाबाई बरोबर बोलली आणि हा पोरगा हट्टाला पेटला. हट्ट कसा असतो तो मला माहीत. मी त्याचाच ब्रश घेतला, शाईत बुडवला आणि भिंतीवरच्या कापडावर ती कोरी पट्टी भरून टाकली. नाकापासून खाली हनुवटीपर्यंत सगळं काळं करून मागे कानाशी गाठ दाखवली. झालं फडकं.

बाया जेवून परत येत होत्या. गिरजाबाई पुढे होती. ती जागीच थांबली. तिच्या हातातला डबा वाजला. "आली व बाई," ती म्हणाली आणि तोंडाला पदर लावला. मागच्या बायाही थांबल्या. दोघींनी हात जोडले. खरंच सांगतो, मीही एक पाऊल मागे सरलो. तेच डोळे. आता ती बोलेल आणि मला काही लावून बोलेल, असं वाटलं.

मला वाटलं, मी जिंकलो.

चौथ्या दिवशी पेंटर आला. मी त्याला हाताला धरून प्रेसमागे नेलं. म्हटलं, "पाह्य. पुलाचं सांगत होतो का नाई?"

त्यानं एक डोळा मिटला नाही. दोन्ही डोळ्यांनी पाहिलं. बराच वेळ पाहिलं. मग म्हणाला, "मुकादमकाका, तुमी तर झाकून टाकली तिले."

"सगळ्यायनं वळखली बे. विचार गिरजाबाईले."

"वळखनच ना. हे तुमची होय. जिनिंगमधली." मग त्यानं आपलं बोट नाकावर आडवं ठेवलं. "थो पूल नोता काका. रुई होती."

मला समजलं नाही. त्यानं समजावलं. हळू, शाळेतल्या पोराला समजावतात तसं. संध्याकाळी सुट्टी झाली की बाया तोंड धुवायला थांबत नाहीत, घरी स्वयंपाक असतो. त्याची माय तशीच फडकं बांधून चालत घरी यायची. दारात उभी राहून फडकं सोडायची आणि उंबऱ्याबाहेर झटकायची. तेव्हा तिचं वरचं अर्धं तोंड रुईनं पांढरं असे, भुवया पांढऱ्या, पापण्या पांढऱ्या. फडक्याखालचं अर्धं तोंड स्वच्छ, काळंसावळं. आणि फडक्याच्या काठाशी, नाकावर, रुई सगळ्यात जास्त जमायची. जाड पांढरी पट्टी, कानापासून कानापर्यंत.

"घरात घुसाच्या आधी तशीच हासे," तो म्हणाला. "मी लहान होतो त म्हणो, माय, तू दोन झाली. मंग थे माह्या कपाळाले कपाळ घासे. मी बी पांढरा. दोन मिनिटं राहे थे पट्टी, मंग तोंड धुवाले जाये. थ्या दोन मिनिटांची माय कापून राह्यलो मी. तुमी कोनी कशी वळखान? तुमी पाह्यलीच नाई."

गिरजाबाई बाजूला उभी होती. तिनं आपल्या नाकावर बोट फिरवलं, या गालापासून त्या गालापर्यंत. तिलाही स्वतःची पट्टी कधी दिसली नसेल. आरशापाशी जायला वेळ कोणाला होता?

मी तीन हंगाम नाही, तीस हंगाम जिनिंगच्या फाटकापाशी उभा राहून बाया मोजल्या. आत येताना, बाहेर जाताना. एकीचंही तोंड घरच्या दारात कसं दिसतं, हे मनात आलं नव्हतं.

मी माफी वगैरे मागितली नाही. माझा तो स्वभाव नाही. भिंतीवरचं कापड मीच काढलं आणि दुसरं कोरं कापड ठोकून दिलं. एवढंच.

त्यानंतर त्यानं बायांना विचारणं बंद केलं, मलाही. शेवटचा पत्रा त्यानं होळीच्या आधी कापला. मला दाखवला नाही. मी मागितलाही नाही.

पुढच्या हंगामात शेठजींनी स्टिकरचं मशीन आणलं. चौकोनी कागद निघतो, त्यावर उभ्या काळ्या रेघा. मोबाइल धरला की गठाणीचं सगळं सांगतो. सुकू द्यायची गरज नाही. मशीन चालवायला बाई ठेवली. पेंटरला त्या हंगामाच्या शेवटापर्यंत ठेवलं, मग सांगितलं की आता काम नाही. त्याचा साळा चंद्रपूरकडे दुकानाच्या पाट्या रंगवायचा, तिकडे जातो म्हणाला.

शेवटच्या दिवशी शेवटचा ट्रक भरत होता. पेंटर आपला पत्र्यांचा डबा बांधत बसला होता. मी त्याच्यापाशी गेलो. दोन वर्षं जे तोंडात होतं ते म्हटलं. "पेंटर, तुह्या मायनं मले बाहेर गंजीवर काम मांगतलं होतं. मी दिलं नाई."

"माईत हाय जी."

"माईत हाय?"

"थिनंच सांगतलं होतं घरी. म्हणे, मुकादम पुढच्या हंगामाचं बोलला, त पुढच्या हंगामात देईनच. बोलला की फिरत नाई थो." दोरीला गाठ मारता मारता तो म्हणाला. माझ्याकडे पाहिलं नाही. मला टोचायचं म्हणून बोलला असता तर बरं झालं असतं. तो फक्त तिचं बोलणं सांगत होता.

मी तिथंच उभा राहिलो. मग त्यानं गाठ पुन्हा सोडली, डब्यातून एक पत्रा काढला, शाईचा डबा घेतला आणि उरलेल्या शेवटच्या गठाणीपाशी गेला. स्टिकर ज्या बाजूला लावतात त्याच्या उलट बाजूला पत्रा ठेवला. ब्रश फिरवला. पत्रा उचलला.

बारीक रेघांचं कपाळ. भरीव हनुवटी. हसणारा ओठ, एकाच बारीक पुलावर टिकलेला. आणि नाकावर कोरी पट्टी, गठाणीच्या कापडासारखीच पांढरी. मी त्या बाईला कधी पाहिलं नव्हतं. तरी ती होती.

मालावर दुसरा कोणताही छाप मारायचा नाही, हा माझाच नियम. त्यानं माझ्याकडे पाहिलं. मी बाजूला सरलो. तो दोन पावलं मागे सरला, एक डोळा मिटला, आणि मग डबा उचलायला गेला.

दोन हमाल हुक घेऊन आले. ड्रायव्हरनं हॉर्न दिला. "चलो मुकादम, एक ही बची है."

मी गठाणीपुढे गेलो आणि दोन्ही हात आडवे केले.

"थांबा बे," मी म्हटलं. "सुकू द्या."

हमाल एकमेकांकडे पाहून हसले. ड्रायव्हरनं पुन्हा हॉर्न दिला, मग इंजिन बंद करून खाली उतरला आणि तंबाखू चोळत बसला. ऊन चांगलं होतं, पण त्या शाईला वेळ लागतोच. मी हात खाली घेतले नाहीत. शेवटी बोटाच्या टोकानं कडेला लावून पाहिलं. बोटाला काही आलं नाही.

"उचला," मी म्हटलं आणि पेंटरला सांगायला मागे वळलो. फाटक उघडं होतं. तो निघून गेला होता.